बक्षीस नको, उचल द्या

राज्य सरकारने 2022 मध्ये उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांची स्पर्धा घेतली आणि पहिले बक्षीस 5 लाखांचे ठेवले. 2025 मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जाही मिळाला. लोकांच्या कलेवर सरकारी तिजोरी खर्च व्हावी, याला कोणा समाजवाद्याची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती पैसा कधी आणि कोणाच्या हाती पडतो याबद्दल.

बक्षीस उत्सव आटोपल्यावर मिळते. बांबू, कापड, रंग, सुतार आणि मंडपवाला यांचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात. मुंबई-ठाण्याच्या बड्या मंडळांना ते जाहिरातींच्या कमानींतून आणि पुढाऱ्यांच्या देणग्यांतून मिळतात. माळशेज घाटाच्या वाटेवरील टोकावड्यासारख्या गावाने ते कोठून आणावेत? भाद्रपदात भात शेतात उभे असते, कणगीतले दाणे संपत आलेले असतात आणि नवा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो. पावसाळ्यातील ही ओढगस्त सरकारला अज्ञात नाही. तिच्यासाठीच 1978 मध्ये आदिवासींकरिता खावटी कर्जाची योजना निघाली. 2020 मध्ये कर्जाऐवजी अनुदान ठरले ते कुटुंबामागे 4,000 रुपयांचे, त्यातलेही निम्मे वस्तुरूपाने. ज्या घराला सरकारने खावटी दिली, त्याच घराने त्याच दिवसांत पदरमोड करून देखावा उभारावा आणि परीक्षकांची वाट पाहावी, याला स्पर्धा म्हणणे ही थट्टा आहे. हे तर आधीच भांडवल असलेल्यांना दिलेले व्याज! आणि गंमत अशी की शहरी मंडपांच्या भिंती सजविताना वारली चित्रे हटकून आठवतात. लग्नघरी चौक लिहिणाऱ्या सुवासिनींच्या मजुरीचा दर मात्र कोणाला आठवत नाही.

आगाऊ पैसा दिला तर तो खाल्ला जाईल, असे सांगण्यात येते. मोठ्या सरकारी कामांच्या ठेकेदारांना काम सुरू करण्यासाठी उचल मिळते, तेव्हा ही नीतिमत्ता कोठे असते? शिवाय 2025 मध्ये याच सरकारने 1,800 भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी 25 हजारांचे अनुदान जाहीर केले. तेथे पहिला-दुसरा नंबर काढावा लागला नाही. जे मृदंगाला लागू, ते रंगाला आणि बांबूला का नाही? भांडवलशाहीच्या माहेरघरीसुद्धा, 1935 साली मंदीने कलावंत देशोधडीला लागले तेव्हा रूझवेल्ट सरकारने चित्रकारांना आठवड्याचा पगार बांधून दिला आणि शाळा-इस्पितळांच्या भिंती रंगवून घेतल्या. त्यांना कोणी आधी स्पर्धा जिंकून दाखवायला सांगितले नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. कल्पना आणि खर्चाचा अंदाज पाहून निवड ज्येष्ठातच व्हावी. सामानाची निम्मी रक्कम तेव्हाच मिळावी, उरलेली काम अर्ध्यावर आल्यावर. चित्र काढणाऱ्या, कोरणाऱ्या, मातीकाम करणाऱ्या हातांना किमान वेतनाहून कमी रोज नसावा. ‘देवाचे काम’ म्हणून फुकट राबवून घेण्याची चाल मंडळांनीही सोडावी. निवड समितीत निम्मे कलावंतच असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात. हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. देणगीदाराच्या नावाची कमान देखाव्याहून उंच असेल तर अनुदान बंद.

मुरबाड-शहापूरच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभांचे ठराव घेऊन ही मागणी वैशाखातच तहसील कचेरीवर न्यावी. एकदा आवणी सुरू झाली की ठरावाला हात वर करायला गावात मोकळा माणूस सापडणार नाही.