दोन मात्रा सोडताना

गिटारच्या क्लासला दोन-तीन महिने झाले, की विद्यार्थी हमखास विचारतो, ‘सर, आता कुठला पॅटर्न करू?’ तोवर त्याच्या वहीत खाली-वर बाणांच्या बारा-पंधरा ओळी उतरलेल्या असतात. गाणं सुरू झालं, की उजवा हात तरी अडखळतोच. मग आणखी एक ओळ लिहून देण्याचा मोह शिक्षकांनी आवरायला हवा.

सर्वांत जास्त शिकवला जाणारा पॅटर्न घ्या : डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. कागदावर बाण सहा. हात मात्र आठ वेळा हलतो आणि त्यातल्या दोन वेळा तारांना न लागता जातो. मुलं अडकतात ती इथेच. पहिल्या अपनंतर हात वरच थांबतो, दुसऱ्या अपसाठी घाईने खाली येतो आणि लय पळते.

आपल्याकडच्या मुलांच्या कानात यावरचा उपाय आधीपासून आहे. केहरव्याच्या आठ मात्रा म्हणायला लावा : धा गे ना ती, ना क धि ना. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी मात्रा खाली, उरलेल्या वर. सुटतात त्या दुसरी आणि पाचवी. पाचवी म्हणजे केहरव्याची खाली! ताल धरताना जिथे टाळी न देता हात बाजूला जातो, नेमका तिथेच गिटारवरचा हात तारा न छेडता खाली उतरतो. योगायोगच हा, पण शिकवताना सोन्यासारखा.

सुरुवातीला कॉर्ड नकोच. डावा हात तारांवर नुसता टेकवून आवाज बंद करावा, पिक सैल धरावं, मेट्रोनोम 60 वर लावावा. एका ठोक्याला दोन मात्रा, म्हणजे आवर्तन चार सेकंदांचं. हात झोपाळ्यासारखा चालू लागला, की कॉर्ड आणावेत. बदलताना आठव्या मात्रेला बोटं उचलली गेली आणि खुल्या तारा वाजल्या, तरी बिघडत नाही. पुढचा ‘धा’ मात्र नव्या कॉर्डवरच पडायला हवा.

आठ जागा, प्रत्येक जागी वाजवणं किंवा सोडणं : हिशेब 256 शक्यतांवर जातो. वहीत किती मावणार? त्यापेक्षा गाण्याकडे जावं. बॉब डिलनचं 1973 सालचं ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ संथ आहे, जी, डी, ए मायनर आणि सी एवढ्यावर भागतं. विद्यार्थ्याने आधी नुसतं ऐकावं, ड्रमबरोबर टाळी द्यावी, मग बंद तारांवर हात चालवावा आणि कुठल्या मात्रा सोडल्या तर गाणं मोकळं होतं, हे स्वतः शोधावं.

दादऱ्याला जरा सांभाळून. खाली-वर क्रम सरळ चालवला, तर चौथ्या मात्रेला अप येतो आणि नवशिक्याचं वजन तिथे ढिलं पडतं. गोव्याच्या दुलपदातही, 6/8 मध्ये, हीच अडचण. संथ लयीत प्रत्येक मात्रेला एक डाउन-अप जोडी दिली, की सहाही मात्रांना डाउन मिळतो. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर थोडा जोर द्यायचा, एवढंच उरतं.