‘उपजत’ म्हटले की झाले?



‘मधमाशी दूरच्या फुलांवरून आपल्या पोळ्याकडे बरोबर परत कशी येते?’ असा प्रश्न परीक्षेत आला, तर तुम्ही काय लिहाल? आमच्या वेळी उत्तर ठरलेले होते : ‘उपजत प्रेरणेने.’ दोन शब्द लिहावेत आणि दोन गुण घ्यावेत! मीही ते घेतले आहेत. पण ते गुण फुकटचे होते, असे आता माझे मत झाले आहे.

जरा विचार करा. पंख, नांगी, मकरंद शोषणारी सोंड हे सारे माशीला जन्मतःच मिळते. पण आपले पोळे कोणत्या झाडाच्या ढोलीत आहे, ओढा त्याच्या कोणत्या बाजूस आहे, हे तिला वारशाने कसे मिळणार? तो पत्ता प्रत्येक माशीला स्वतःच शिकावा लागतो. तरुण माशी पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा सरळ फुलांकडे जात नाही. पोळ्याकडे तोंड करून ती हवेत डावीउजवीकडे झोके घेते, मग हळूहळू मोठे फेरे मारते. सातेरी माश्या पाळणाऱ्या एखाद्या मधपाळाला विचारून पाहा. भर दिवसा मधपेटी उचलून पन्नास पावलांवर ठेवली, तर चरायला गेलेल्या माश्या जुन्या, रिकाम्या जागीच येऊन घोंघावतात.

नेदरलँड्समधील निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाने यावर एक सुंदर प्रयोग केला. त्याला पैसे जवळजवळ लागले नाहीत. वाळूत बीळ करून राहणारी आणि मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी तिकडे आढळते. माशी बिळात असताना टिनबर्गनने बिळाभोवती पाइनच्या झाडाची सुकी, शंकूसारखी फळे गोलाकार मांडली. माशी बाहेर आली, वर काही सेकंद घिरट्या घालून उडून गेली. तेवढ्यात त्याने ते कडे उचलून थोडे बाजूला मांडले. शिकार घेऊन माशी परतली, ती थेट कड्याच्या मध्यभागी उतरली! बीळ जवळच होते, पण तिला ते सापडेना. कडे पूर्ववत ठेवले, तेव्हा ती बिळात गेली.

‘तिला त्या फळांचा वास येत असेल,’ असे तुमच्यापैकी कोणी तरी म्हणेलच. म्हणायलाच हवे. टिनबर्गनलाही ती शंका आली. त्याने फळांचे कडे एकीकडे ठेवले आणि पाइनच्या तेलाचा वास असलेल्या तबकड्या दुसरीकडे. माशी फळांकडेच गेली. ‘उपजत’ म्हणून तो स्वस्थ बसला असता, तर यातले काहीच कळले नसते. पुढे 1973 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

मग कीटक आपल्यासारखे विचार करतात, असे म्हणावे का? हा दुसऱ्या टोकाचा आळस झाला. ट्युनिशियाच्या वाळवंटातील कॅटाग्लिफिस ही मुंगी पाहा. आपल्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या गंधाच्या वाटेने चालतात. तिकडच्या तापलेल्या जमिनीवर तो उपाय चालत नाही. ही मुंगी अन्न शोधताना वेडीवाकडी भटकते, पण परतते सरळ रेषेत. दिशा ती सूर्यावरून आणि आकाशातील प्रकाशावरून ठरवते. आणि अंतर? 2006 साली व्हिट्लिंगर, वेनर व वोल्फ या शास्त्रज्ञांनी मुंग्यांना वारुळापासून दहा मीटरवरच्या खाद्यापर्यंत चालू दिले. तेथे काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून ते लांब केले, काहींचे पाय कापून आखूड केले. (पाय कापणे मला रुचत नाही, हे सांगून टाकतो.) लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून सुमारे पंधरा मीटरपर्यंत गेल्या आणि तेथे वारूळ शोधू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. पण त्याच बदललेल्या पायांनी वारुळातून निघून परतायचे असले, की अंतर बरोबर! म्हणजे मुंगी जणू पावले मोजते.

ही मोजणी उपजत खरी. घरातून निघताना मागे वळून पाहण्याची माशीची खोडही उपजतच. पण त्यातून जो पत्ता तयार होतो, तो त्या एकटीने, त्या दिवशी शिकलेला असतो. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकांनी कमी गुण देऊ नयेत, अशी माझी त्यांना विनंती आहे.

तुमच्या मैदानाच्या कडेला, मऊ मातीत एकटीच बीळ करणारी माशी दिसली, तर ती आत असताना बिळाभोवती दहा-बारा खडे मांडा. (पोळे करून राहणाऱ्या गांधीलमाश्यांपाशी हा उद्योग मुळीच करू नका.) ती दोन-तीन वेळा ये-जा करू दे. मग ती गेल्यावर सारे कडे वीतभर सरकवा आणि वही घेऊन लांब बसा. वेळ लिहा, ती कोठे उतरली ते लिहा. आणि उठण्यापूर्वी खडे पुन्हा जागेवर ठेवा.