सरकार उघडलें; पण समाधान कोठें?

आमच्या एका वृद्ध वाचकभगिनींचें पत्र समोर आहे. त्यांचे दोन्ही मुलगे बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेंत स्थायिक झालेले आहेत. थोरले तेथील मध्यवर्ती सरकारच्या एका खात्यांत शास्त्रज्ञ आहेत. धाकट्यांचा स्वतःचा लहानसा व्यवसाय आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेथील सरकार बंद पडलें आणि थोरल्यांचा पगार थांबला. त्या काळांत धाकट्यांनीं न मागतां भावाच्या घराचा हप्ता भरला. १२ नोव्हेंबरच्या रात्रीं बंद संपला, थकलेला पगारही हातीं आला. आणि पुढच्याच रविवारीं दोघां भावांचें असें भांडण झालें कीं, तेव्हांपासून अबोला आहे. बाई विचारतात, "संकटांत एकमेकांस धरून राहिलेले भाऊ संकट टळल्यावर कां भांडले? आणि सरकार बंद पडतें म्हणजे तरी काय? तें काय वाण्याचें दुकान आहे?"

कुटुंबासाठीं चालविलेल्या मासिकांत परदेशच्या राजकारणाची चर्चा कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या राजकारणानें दोन सख्ख्या भावांत अबोला आणिला, तें कुटुंबाच्या बाहेरचें कसें म्हणावें? भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आधीं देतों, कारण त्यावांचून पहिल्याचा उलगडा होणार नाहीं.

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें विधिमंडळाच्या मंजुरीखेरीज खजिन्यांतून एक डॉलरही काढतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत कांहीं सरकारी खातीं मंजूर रक्कम वर्ष संपण्यापूर्वींच उडवून टाकीत आणि मग विधिमंडळापुढें हात पसरीत. या खोडीस आळा घालण्यासाठीं १८७० सालीं कायदा झाला. १८८४ सालीं तो अधिक कडक होऊन, सरकारनें कोणाची फुकट सेवाही स्वीकारूं नये असें ठरलें. अपवाद फक्त जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचा. तथापि पुढें सुमारें शंभर वर्षें या कायद्याचा अर्थ कचेऱ्यांस टाळें ठोकावें असा कोणीं घेतला नाहीं. मंजुरीस उशीर झाला तरी बहुतेक काम चाले व पैसे मागाहून मिळत. १९८० सालीं अध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनीं कायद्याचा काटेकोर अर्थ लावून मत दिलें कीं, मंजुरी नसेल तर काम थांबलेंच पाहिजे. 'शटडाउन' म्हणतात तो प्रकार तेव्हांपासूनचा. तेथील सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतें. तोंवर खर्चाचीं विधेयकें संमत झालीं नाहींत, म्हणजे निकडीचीं कामें वगळून बाकी सर्व बंद.

आपल्याकडे असें कां होत नाहीं? आपल्या राज्यघटनेच्या ११६ व्या कलमान्वयें लोकसभेस लेखानुदान मंजूर करितां येतें. अंदाजपत्रकावर चर्चा चालू असतां खर्चाची आगाऊ सोय त्यानें होते. शिवाय खर्चाची मागणी लोकसभेनें फेटाळली तर मंत्रिमंडळास घरीं जावें लागतें, कारकुनास नव्हे. परराज्याच्या काळांतील एक प्रसंगही येथें आठवतो. १९२४ सालीं स्वराज्य पक्षाच्या पुढाकारानें मध्यवर्ती कायदेमंडळानें वित्तविधेयक झिडकारलें, तेव्हां व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारांत तें अमलांत आणिलें. तें सरकार बंद पडलें नाहीं, कारण तें लोकांच्या संमतीवर उभेंच नव्हतें. अमेरिकेंत अध्यक्ष व विधिमंडळ दोघेही लोकांनीं निवडलेले, दोघांच्याही मुदती ठरलेल्या. खर्चाच्या वादावरून कोणासही दुसऱ्यास घालवितां येत नाहीं. दोघेही अडून बसले म्हणजे मधला नोकरवर्ग भरडला जातो.

२०२५ चा तंटा आरोग्यविम्यावरून झाला. ज्यांना नोकरीच्या द्वारें विमा मिळत नाहीं त्यांच्यासाठीं २०१० च्या कायद्यानें निराळी सोय केली आहे व उत्पन्नाच्या मानानें हप्त्यांत सरकारी मदतही मिळते. २०२१ सालीं ही मदत वाढविण्यांत आली, पण त्या वाढीची मुदत २०२५ अखेर संपत होती. सुमारें २ कोटी २० लाख लोक ती मदत घेत होते. वाढ बंद झाल्यास त्यांना पदरचा जो हप्ता भरावा लागेल तो सरासरीनें दुपटीहून अधिक होईल, असा केएफएफ या आरोग्यविषयक अभ्याससंस्थेचा अंदाज होता. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणे, मुदत वाढवा, मग खर्चास मत देऊं. रिपब्लिकन पक्ष म्हणे, आधीं सरकार चालू करा, मग विम्याचें बोलूं. सेनेटच्या शंभर सभासदांत रिपब्लिकन ५३ होते, आणि विधेयक पुढें नेण्यास ६० मतें लागत. चौदा वेळां मतदान झालें आणि चौदाही वेळां तें अडलें.

हा खेळ चालू असतां सुमारें चौदा लाख सरकारी नोकरांचा पगार थांबला होता. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक बिनपगारी कामावर येतच होते. विमानांच्या वाहतुकीवर देखरेख करणारे त्यांतलेच. त्यांची संख्या अपुरी पडूं लागली तेव्हां ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणें कमी करावीं लागलीं. सुमारें ४ कोटी २० लाख गरीब लोकांस दरमहा मिळणारी अन्नाची मदत नोव्हेंबराच्या आरंभीं अडकली. आपल्याकडील तरुणांसही याची झळ लागली: एच-वन-बी परवान्याच्या अर्जापूर्वीं कामगार खात्याचें जें प्रमाणपत्र लागतें, तें देण्याचें काम ऑक्टोबरांत थांबलें होतें. विधिमंडळाच्या सभासदांचें वेतन मात्र राज्यघटनेच्या आधारानें चालूच राहिलें.

अखेर डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ सेनेटर फुटले आणि ६० विरुद्ध ४० मतांनीं विधेयक संमत झालें. प्रतिनिधिगृहांत २२२ विरुद्ध २०९ असा निकाल लागला. ४३ दिवसांचा हा बंद तोंवरच्या सर्व बंदांहून लांबला होता. मिळालें काय? बहुतेक खात्यांस ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा खर्च, नोकरांस थकलेला पगार, आणि विम्याच्या मदतीवर डिसेंबरांत सेनेटमध्यें मतदान घेण्याचें वचन. तें मतदान ११ डिसेंबरला झालें. ५१ मतें बाजूनें व ४८ विरुद्ध पडलीं. परंतु साठ हवीं होतीं, म्हणून प्रस्ताव पडला. ३१ डिसेंबरला वाढीव मदतीची मुदत संपली.

आतां भावांच्या भांडणाचें मूळ दिसूं लागतें. थोरले म्हणतात, "शेवटीं जें पत्करलें, तें पहिल्याच दिवशीं कां पत्करलें नाहीं? माझे ४३ दिवस कशासाठीं गेले?" धाकटे स्वतःचा विमा स्वतः घेणारे, ते म्हणतात, "इतके दिवस सोसलें, तर ऐन वेळीं माघार कां घेतली?" एकाला बंद झाल्याचा राग, दुसऱ्याला बंद संपल्याचा. थोरल्यांचा पगार धाकट्यांच्या विम्यासाठीं गहाण पडला होता, आणि गहाण सुटलें तेव्हां विमाही हातचा गेला. ज्यांनीं गहाण टाकिलें ते पुढारी दूर वॉशिंग्टनांत. हाताशीं सांपडला तो भाऊ. विरुद्ध पक्षास मत देणारेही या वेळीं तृप्त नव्हते. आपण नवीन कांहींच मागितलें नव्हतें, चालू खर्च चालूं द्या एवढेंच म्हटलें होतें, तरी बोल आपल्यालाच लागला, असें त्यांस वाटत होतें.

आमच्या मतें थोरल्यांच्या म्हणण्यास इतिहासाचा आधार अधिक आहे. १९९५-९६ च्या हिंवाळ्यांत रिपब्लिकन पक्षानें खर्चकपातीसाठीं २१ दिवस सरकार अडविलें, आणि लोकमत त्यांच्याच विरुद्ध गेलें. २०१३ सालीं आरोग्यविम्याचा कायदाच रोखण्यासाठीं १६ दिवस बंद झाला, कायदा राहिला. २०१८-१९ मध्यें अध्यक्ष ट्रम्प यांनीं सरहद्दीवरील भिंतीसाठीं ५.७ अब्ज डॉलर मागितले. ३५ दिवसांनंतर माघार घ्यावी लागली आणि पुढें विधिमंडळानें दिले ते १.३७५ अब्ज. त्या बंदांत देशाचें कायमचें नुकसान ३ अब्ज डॉलरांचें झालें असें विधिमंडळाच्या अंदाजपत्रक कार्यालयानें काढलें. २०२५ च्या सहा आठवड्यांच्या बंदासाठीं त्याच कार्यालयाचा अंदाज ११ अब्जांचा होता. ज्यानें अडविलें त्याला मागितलेलें क्वचितच मिळालें. कायमच्या नोकरांस २०१९ च्या कायद्यानें थकलेला पगार मिळतो. पण सरकारी इमारती झाडणारे व त्यांवर पहारा करणारे जे कंत्राटदारांचे लोक, त्यांना बुडालेली मजुरी मिळण्याची हमी हा कायदा देत नाहीं.

मग मंजुरी नसेल तेव्हां मागील वर्षाप्रमाणें खर्च आपोआप चालू राहावा, असा नियम कां करीत नाहींत? अशीं विधेयकें तेथें अनेकदां आलीं, पण संमत झालीं नाहींत. आक्षेप असा कीं, खर्च आपोआप चालूं लागला तर खजिन्याची किल्ली विधिमंडळाच्या हातून जाईल, आणि कालबाह्य खर्चही वर्षानुवर्षें तसाच राहील. हा आक्षेप पोकळ नाहीं. तरीही आम्हांस वाटतें कीं, किल्ली सांभाळण्याची किंमत तिला हात न लावणाऱ्यांकडून वसूल करणें न्यायाचें नव्हे.

पण धाकट्यांचेंही दुःख खोटें नाहीं. ज्यांच्या बाजूनें लढाई झाली म्हणतात, त्यांचाच हप्ता लढाईनंतर वाढला. त्यांना "शहाणपणा हाच होता" असें सांगणें सोपें आहे. सांगणाऱ्याचा विमा नोकरींतून येत असेल तर अधिकच सोपें. थोरल्यांनीं त्या रविवारीं बहुधा हेंच केलें असावें.

भगिनींस आमची सूचना अशी. कोण बरोबर याचा निवाडा त्यांनीं करूं नये. तो आम्ही येथें केला आहे, त्याचा दोष आमच्या माथीं मारावा. येत्या रविवारीं त्यांनीं स्वतःच दोघांस एकदम फोन जोडावा. थोरल्यांना विचारावें, "धाकट्याला आतां विम्याचे दरमहा किती पडतात, तुला ठाऊक आहे का?" धाकट्यांना विचारावें, "त्या ४३ दिवसांत वहिनीनें घर कसें चालविलें, तें तूं कधीं विचारलेंस का?" आमचा तर्क आहे कीं, दोघांसही दुसऱ्याचा आंकडा माहीत नसेल. घराचा हप्ता मात्र थोरल्यांनीं परत केला आहे कीं नाहीं, तें पत्रांत लिहिलेलें नाहीं. राहिला असल्यास बोलणें तेथूनच सुरू करावें.