प्रक्षिप्त कोणास म्हणावे?

जनाबाईच्या अभंगांची चर्चा सुरू झाली की आपल्या अभ्यासकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यांतले 'खरे' किती? तिच्या नावावर छापल्या गेलेल्या सुमारे साडेतीनशे अभंगांतून अस्सल तेवढे वेचावेत आणि उरलेले प्रक्षिप्त म्हणून बाजूस सारावेत, यातच पाठचिकित्सेचे सार्थक मानले जाते. या आग्रहामागचे 'मूळ संहिते'चे गृहीत तपासायचे, तर जपानी काष्ठमुद्रेकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

१७६५च्या सुमारास एदो शहरात बहुरंगी काष्ठमुद्रा रूढ झाली. तिच्यावर नाव चित्रकाराचे असते. परंतु त्याचे अंतिम रेखाटन लाकडी ठोकळ्यावर उलटे चिकटवून कागदासकटच कोरले जाई. मूळ रेखाटन तेथेच नष्ट होई. या ठोकळ्यावरून निव्वळ रेषांचे कच्चे ठसे काढीत. चित्रकार त्यांवर रंगांच्या जागा नेमून देई आणि हेच ठसे नव्या ठोकळ्यांवर चिकटवून एकेका रंगाचे कोरकाम होई. पुरे झालेले चित्र ही श्रमविभागणी लपवते. वाचलेले कच्चे ठसे ती उघड करतात. केशरचनेतील बारकावे कित्येकदा कोरणाऱ्याच्या हातचे असत, रंगाची विरत जाणारी छटा छापणाऱ्याच्या. त्यांना प्रक्षिप्त म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

मग गंगाखेडच्या जनीलाच वेगळा न्याय का? तिच्याच नावावरील एका अभंगात कोणत्या संताचे बोल कोणी लिहिले याची नोंद आहे : ज्ञानदेवांचे चिदानंदबाबांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, चोखोबांचे अनंतभट्टाने. म्हणजे बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, ही जाणीव परंपरेला होती. ती गमावली आपण. पाठभेद हे आपले कच्चे ठसे होत. ते तळटीपेत कोंबून आपण एकट्या कर्त्याचे नितळ चित्र तयार करतो आणि त्यालाच संशोधन म्हणतो.

यावर आक्षेप येईल : मग सारेच अस्सल मानायचे काय? मुळीच नाही. काष्ठमुद्रा एका प्रकाशकाच्या देखरेखीखाली तयार होई. अभंग शतकानुशतके फिरला. येथे आद्य ठोकळा हाती लागणार नाही. परंतु म्हणूनच कोणता पाठ कोणत्या पोथीत, कोणत्या काळी, कोणत्या फडावर आढळतो, हा क्रम अधिक काटेकोरपणे लावावा लागेल. अस्सलतेचा निवाडा करण्यापेक्षा हे काम कठीण आहे, आणि बहुधा म्हणूनच ते टाळले जाते.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्यांत गायिकेचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पाळलेली ही शिस्त संतसाहित्याच्या संपादकांना जड का जावी? दळताकांडताना जनीचे शब्द ज्या बायकांनी जिवंत ठेवले, त्यांनी कोठे एखादा चरण घडवलाही असेल. त्याला भेसळ ठरवणे म्हणजे दासीच्या कवितेतून पुन्हा एकदा दासींचेच श्रम पुसून टाकणे होय.