पुरस्कार सांगलीचा, प्रश्न पणजीचा

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक प्रदान केले जाते. पदकासोबत शाल, श्रीफळ आणि २५ हजार रुपये. सरकारी पुरस्कारांच्या आजच्या रकमांपुढे हा आकडा नगण्य आहे. तरीही रंगभूमीवर उभे आयुष्य घालवलेले कलावंत हा मान मिळाला की कृतार्थ होऊन कृष्णाकाठी जातात. या पदकाचे पहिले मानकरी बालगंधर्व. २०२२ साली ते सतीश आळेकर यांना मिळाले आणि २०२३ साली प्रशांत दामले यांना. ‘महानिर्वाण’चा नाटककार आणि गर्दी खेचणारा गायक-नट एकाच परंपरेत बसवताना सांगलीकरांना अडचण वाटली नाही.

या पदकाला ही प्रतिष्ठा कशामुळे लाभली? १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ रंगवले, हे एक उत्तर झाले. देवल आणि खाडिलकर याच परिसरातले, हेही खरे. परंतु इतिहास अनेक शहरांना असतो. सांगलीचे वेगळेपण व्यवस्थेत आहे. हे पदक अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती देते आणि शहरातील विष्णुदास भावे नाट्यमंदिरही तीच समिती सांभाळते. म्हणजे ज्या हातांनी कलावंताच्या खांद्यावर शाल घातली जाते, त्याच हातांना वर्षभर पडदा, खुर्च्या, दिवे आणि छपराची काळजी वाहावी लागते. त्या रंगमंचावर काही बिघडले, तर जाब विचारायला कलावंताला मंत्रालय गाठावे लागत नाही.

या पदकालाही मर्यादा आहेतच. मानकऱ्यांची यादी चाळली, तर मुंबई-पुण्याच्या नामवंतांचे पारडे जड दिसते. रंगभूषाकार, नेपथ्याची कामे करणारे कारागीर, ऑर्गनवादक यांच्यापर्यंत असे सन्मान क्वचितच पोहोचतात. नाट्यगृह सांभाळणाऱ्या संस्थेला तरी पडद्यामागची माणसे अधिक ठळक दिसायला हवीत.

सांगलीची ही कथा गोव्यात सांगण्याचे कारण पणजीत, कांपालला, मांडवीच्या काठी उभे आहे. कला अकादमीच्या मुख्य नाट्यगृहाचे नाव दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी गाजवली आणि पुढे सांगलीतच बिऱ्हाड थाटले. गोमंतकाने नाट्यसंगीताला दिलेल्या या गायक-नटाचे नाव चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या वास्तूतील नाट्यगृहाला मिळाले, हा गोव्याने केलेला थोर सन्मानच होता. नाट्यगृह चालते तेव्हा तो सन्मान रोज होतो. ते गळू लागले की त्याचीही रोज विटंबना होते.

गेल्या काही वर्षांत घडले ते सर्वांसमोर आहे. नूतनीकरणासाठी अकादमी २०२१ मध्ये बंद झाली. निविदेविना काम कसे दिले, या प्रश्नावर तत्कालीन कला व संस्कृती मंत्र्यांनी, शहाजहानने ताजमहाल बांधताना दरपत्रके मागवली नव्हती, असा दाखला विधानसभेत दिला. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वास्तू पुन्हा खुली झाली आणि ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना, गळती यांविषयी कलाकारांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यातून ‘कला राखण मांड’ ही चळवळ उभी राहिली. मांड हा गोव्यातील गावागावांत पवित्र मानला जाणारा, लोककला जिथे सादर होते तो चौक. त्याची राखण करण्याची वेळ आली, असे कलाकारांना वाटावे यातच सारे आले. अखेर दोष तपासण्यासाठी विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमावे लागले.

याच काळात राज्याचे पुरस्कार सोहळे मात्र थांबले नाहीत. राज्य सांस्कृतिक पुरस्कार, युवा सृजन पुरस्कार आणि सर्वोच्च मानला जाणारा गोमंत विभूषण यांची परंपरा चालू आहे. या योजनांची व्याप्ती सांगलीच्या पदकापेक्षा कितीतरी मोठी आहे. भजन, कीर्तन, तियात्र, लोककला अशा क्षेत्रांतील माणसांपर्यंत सरकारी सन्मान पोहोचतो, ही गोव्याच्या सांस्कृतिक धोरणाची जमेची बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. खटकते ते निराळे. ज्याने चाळीस वर्षे पखवाज वाजवला, त्याने वा त्याच्या हितचिंतकांनी कात्रणे आणि प्रमाणपत्रे जोडून अर्ज वा शिफारस करायची. निवड झाली की मंत्रिमहोदयांच्या हस्ते मानपत्र स्वीकारायचे. आणि त्याच खात्याच्या अखत्यारीतील रंगमंचाबद्दल तक्रार असली, तर मोर्चा काढायचा. काल शाल मिळालेला कलाकार आज निवेदन घेऊन त्याच दारात उभा राहतो, तेव्हा शालीचे वजन आपोआप घटते. शिवाय अशा कलाकाराला आणखी एक मूक सूचना मिळत असते: सन्मान घेतलात, आता टीका जपून करा. ती कुणी उच्चारत नाही, तरी ऐकू येते.

केरीच्या केसरबाईंच्या नावामागे ‘सूरश्री’ ही उपाधी लागली, ती १९४८ साली कोलकात्याच्या संगीतरसिकांकडून. त्यासाठी बाईंनी अर्ज केला असता, ही कल्पनाच हास्यास्पद वाटते. त्या शहराने त्यांचे गाणे मैफलींत बसून ऐकले होते. कलामंदिरात नियमित येणारा पणजीचा, मडगावचा, फोंड्याचा रसिक आजही निवड समित्यांपासून दूर आहे. समितीवर कोण होते आणि अमुक एका कलाकाराची निवड नेमकी कोणत्या कामासाठी झाली, हे चार ओळींत जाहीर केले, तरी पुष्कळ कुजबुज थांबेल. पूर्वी गौरविलेल्या कलाकारांना नाट्यगृहांच्या देखभालीत अधिकृत शब्द मिळाला, तर कृतिदले नेमण्याची वेळही कमी येईल.

राज्याच्या पुरस्कारांची संख्या वाढवण्याऐवजी शहरांना त्यांचे स्वतःचे पुरस्कार सुरू करू द्यावेत. मडगावला, साखळीला, कुडचड्याला रवींद्र भवन आहे. फोंड्याला राजीव गांधी कलामंदिर आहे. प्रत्येकाने वर्षाचा एक दिवस ठरवावा, आपल्या प्रेक्षकांमधून समिती निवडावी आणि आपल्याच रंगमंचावर एकच सन्मान द्यावा. रक्कम सांगलीएवढी असली तरी चालेल. राजकीय पाहुण्यांनी प्रेक्षागृहात बसावे. केसरबाईंची केरी, दीनानाथांची मंगेशी आणि ज्योत्स्ना भोळे यांचे बांदिवडे ही तिन्ही गावे फोंडा तालुक्यातली. तेव्हा फोंड्याने सुरुवात केली, तर पहिल्या मानकऱ्याच्या शोधात मुंबईकडे पाहावे लागणार नाही. जत्रांतील संगीत नाटकांना वर्षानुवर्षे ऑर्गन-तबल्याची साथ करणारे आणि पहाटेपर्यंत नटांचे चेहरे रंगवणारे हात त्याच तालुक्यात आहेत.