पाखरे उतरतात कुठे?

गेल्या डिसेंबरात आमच्या भूगोल विभागाने सभागृहात एक माहितीपट दाखवला. इंग्रजीत त्याचे नाव 'विंग्ड मायग्रेशन'. मूळ चित्रपट फ्रेंच, जाक पेरँ यांचा, २००१ सालचा. विषय पक्ष्यांचे स्थलांतर. दीड तास कोणी जागचे उठले नाही. आमच्या सभागृहाचा अनुभव असलेल्या प्राध्यापकवर्गाला यावरून चित्रपटाची थोरवी कळावी!

चित्रपटात निवेदन फार थोडे आहे. बहुतेक वेळ आपण हंसांच्या थव्यात, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उडत असतो. ताणलेली मान, पंखांच्या मुळाशी होणारी स्नायूंची हालचाल, श्वासाचा आवाजसुद्धा. हिमालय ओलांडणारे पट्टकदंब हंस त्यात आहेत. हिवाळ्यात ते आपल्या जायकवाडीच्या जलाशयावरही उतरतात. पंख मोडलेल्या एका पाखराभोवती वाळूवरचे खेकडे गोळा होतात, ते दृश्य पाहताना माझ्या शेजारणीने माझा हात घट्ट धरला होता.

संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कॅमेरा कुठं बसवला होता?" सरांनी खुलासा केला. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू जे हलताना पाहते, ज्याचा आवाज ऐकते, त्यालाच आई समजून त्याच्या मागे जाते. हंसाच्या पिल्लांवर या गोष्टीचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चित्रपटवाल्यांनी हेच केले. अंडी उबवली, पिल्लांना माणसाच्या आणि इंजिनाच्या आवाजाची सवय लावली, आणि मोठी झाल्यावर ती पाखरे छोट्या हलक्या विमानाशेजारी बिनधास्त उडू लागली. तीन वर्षांहून अधिक काळ, सातही खंडांवर हे चित्रण चालले.

"म्हणजे पाळलेलेच की!" मागचा बाक निराश झाला.

त्यानंतर आठवडाभर कॅन्टीनमध्ये हाच वाद. एक पक्ष म्हणे, ही फसवणूक आहे. दुसरा म्हणे, कलेत एवढे चालायचेच. मला दोन्ही पटत नाही. हंस माणसाने वाढवला म्हणून त्याचे पंख खोटे होत नाहीत. तो वारा कापतो तो खराच. मात्र पक्ष्यांच्या चित्रणात कसलीही करामत वापरलेली नाही, असे सुरुवातीला सांगणाऱ्यांनी पाखरे हाताखाली वाढवलेली आहेत हेही तिथेच सांगायला हवे होते. सांगितले असते तर चित्रपटाची शोभा कमी झाली नसती. माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि ती मला माझ्या त्या शेजारणीमुळे सुचली.

ती खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीतली. बाहेर पडताना तिने मला सहज विचारले, "हे परत येतात तेव्हा जागा तशीच असते का गं?"

मला उत्तर देता आले नाही. चित्रपटाचा निवेदक स्थलांतराला परतीच्या वचनाची गोष्ट म्हणतो. ठीक आहे. पण वचनाला दोन बाजू असतात. पाखरू आपली बाजू पाळते, हे चित्रपट दीड तास दाखवतो. जमीन आपली बाजू पाळते का? कॅमेरा पंखांना इतका चिकटलेला आहे की खालची जमीन हा नुसता देखावा झाला. शिकारी आहेत, कारखान्याची घाण आहे, पण तेवढ्यापुरती. पुन्हा संगीत आणि पुन्हा आभाळ. हजारो मैल उडणाऱ्या पाखराचे आयुष्य ते जिथे चार दिवस उतरते त्या चिखलाच्या तुकड्यावर टिकून असते. तो चिखल कोणी पडद्यावर आणत नाही, कारण चिखल सुंदर दिसत नाही.

आमच्याकडचेच घ्या. मी राहते ते गाव राजनाल्याच्या पाण्यावर. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून वीज करून सुटलेले पाणी या कालव्याने शेतांना मिळते, म्हणून कर्जतच्या या पट्ट्यात भाताचे दुसरे पीक निघते. वीज मुंबईसाठी आणि पाणी आमच्यासाठी, पण त्यात तिसरा वाटेकरी कुणी धरलाच नव्हता. हिवाळ्यात चिखलणी केलेल्या या ओल्या शेतांत तुतवार उतरतात, शेपटी वरखाली करीत धोबी हिंडतात, आणि स्टेशनच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसतात. पायात वळे घातलेले धोबी वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी हिवाळा काढायला परत येतात, हे पक्षिशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. म्हणजे आमच्या बांधावरचा धोबी कुठला तरी पाहुणा नव्हे. बहुधा गेल्या सालचाच. आमच्या शेजारच्या शेतात दोन वर्षांपूर्वी भराव पडला. तिथे आता फाटक आहे, दिवे आहेत आणि 'सेकंड होम'ची पाटी आहे. (पाटीवर दोन उडणारे पक्षी काढले आहेत. चित्रकाराचा काही दोष नाही.)

पावसाळी पाहुणा म्हणजे नवरंग. तो दक्षिणेकडून आणि श्रीलंकेतून मेअखेरीस वर येतो. प्रवासाने थकून मुंबईत कुणाच्या घरात शिरतो, आणि आमच्या रानात सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो. त्याला घरट्यासाठी पालापाचोळ्याचे जंगल लागते, लॉन चालत नाही.

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते. दिवाळी झाली की तिच्या वाडीतली बहुतेक घरे बंद होतात. माणसे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी कागदात त्यांना 'स्थलांतरित कुटुंबे' म्हणतात. पाखरांनाही तोच शब्द. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्यांच्या बाबतीतही कागदावर तोच शब्द आला.

माणसांची पाखरांशी तुलना करणे मला स्वतःलाच खटकते. ऐकायला गोड, पण त्यात मुख्य गोष्ट झाकली जाते. पाखरू निघण्यापूर्वी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवते आणि त्या बळावर प्रवास करते. भट्टीवर जाणारे कुटुंब पावसाळ्यातच मालकाची उचल घेऊन ती खाऊन बसलेले असते. ते निघते ते फेडायला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचा हिशेब ज्याच्या वहीत असतो तोच तो वाचूही शकतो. एका साली मैत्रिणीचे आईवडील परतले तेव्हा वाडीत जाण्याच्या वाटेवर तारेचे कुंपण होते. वाट पिढ्यान्‌पिढ्यांची, पण सातबाऱ्यावर वाट नव्हती. तिचा प्रश्न तिथून आला होता, हे मला फार उशिरा कळले.

जमीन बदलते तशी माणसेही बदलू शकतात, याचे एक उदाहरण मला ठाऊक आहे. नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी २०१२ साली अमूर ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंनी मारले गेले. गवगवा झाला, आणि पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी ही शिकार पूर्ण थांबवली. ज्यांचे पोट त्यावर चालत होते त्यांनीच थांबवली, म्हणून मला तिचे मोल अधिक वाटते. तेच ससाणे पुढे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत जातात. वाटेत काही थवे नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या माळावर किडे टिपताना दिसतात. खोपोलीहून घाट चढला की आपण तिथे. आम्ही आठ जण गेलो होतो. एका दुर्बिणीत आठ जण, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार ठिपके आले. विमान नाही, संगीत नाही. पण ज्या गवतावर ते ठिपके उतरत होते ते गवत आम्हाला दिसत होते, आणि गवतातला प्लॉटच्या हद्दीचा दगडही.

आमच्या निसर्ग मंडळाने दर वर्षी एक परदेशी चित्रपट दाखवावा, जरूर दाखवावा. पण त्याबरोबर एक साधी नोंदवही ठेवावी, असे मी सुचवले आहे. कोणत्या गावच्या कोणत्या शेतात कोणते पाखरू कधी उतरले, आणि त्या शेताचे पुढच्या वर्षी काय झाले. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना गावाचा नकाशा काढायला शिकवतात; मग त्यात या जागा आणि वाडीच्या वाटा का नसाव्यात? सर 'बघू' म्हणाले आहेत. त्यांचे 'बघू' म्हणजे निम्मे 'हो' असते, हे विद्यार्थी जाणतात.

दोनशे पानी वही आम्ही तोवर विकत घेतली. पहिल्या पानावर मी लिहिले: धोबी, राजनाल्याच्या कडेला, दोन. खाली मैत्रिणीने आपल्या अक्षरात वाडीतल्या बंद घरांची संख्या लिहिली आणि विचारले, "परत आल्याचा रकाना कुठं आखायचा?" आम्ही पट्टी घेऊन तो आखला. तो अजून कोरा आहे. पाऊस लागायला वेळ आहे.