प्रश्न नसलेल्या गाड्या

मला गाड्या बघायचा नाद आहे. रत्नागिरीत राहणाऱ्याला तो सहज पुरवता येतो. हातखंब्याच्या तिठ्यावरून शहराकडे वळलेली जवळजवळ प्रत्येक गाडी मारुती मंदिरच्या चौकातून जाते, आणि शनिवारी सकाळी तिथे चहा घेत उभं राहिलं की मुंबई-पुण्याचा अर्धा मोटारबाजार डोळ्यांखालून सरकतो. लाल टो-हुक दिसले की रुबिकॉन. मागच्या चाकाच्या पुढे, बाजूला एक्झॉस्टची नळकांडी दिसली की मर्सिडीजची जी-६३. जिप्सी तर आवाजावरून कळते. १९८५ साली आलेली ही गाडी आता बंद झाली आहे, म्हणून चांगली राखलेली जिप्सी दिसली की आमच्यासारख्यांचा दिवस कारणी लागतो.

तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते गाड्यांचा तिटकारा असलेल्या माणसाचं नाही. ज्याला या गाड्या आवडतात, डिफरन्शियल लॉक म्हणजे काय आणि लो-रेंज कधी टाकायची हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाची ही तक्रार आहे. ती गाड्यांच्या मालकांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त माझ्यासारख्या बघ्यांबद्दल आहे.

माझं म्हणणं असं. गाडीत केलेला प्रत्येक बदल हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक बदलांना मात्र प्रश्नच नाही. आणि ज्या उत्तराला प्रश्न नसतो, ते प्रश्न शोधत फिरतं. आमच्या दुर्दैवाने तो त्याला कोकणच्या पुळणींवर आणि सड्यांवर सापडू लागला आहे.

आधी प्रश्न असलेल्या बदलांबद्दल. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. ती अमेरिकी सैन्यासाठी बनलेली पेट्रोलची गाडी होती. पेट्रोल परवडेना म्हणून गावोगावच्या मेस्त्रींनी तिच्यात डिझेल इंजिनं बसवली. भारतातला जीपमधला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि त्याचा फोटो कुणी हौसेने काढला नाही. आमच्या जिल्ह्यात आंबा बागायतदाराची जुनी जीप किंवा पिकअप पाहा. मागच्या हौद्यात दोनशे लिटरचं पिंप, शेजारी फवारणीचा पंप, वर गुंडाळलेली लांबलचक नळी. मोहोर आला की ती कातळावरच्या बागेत चढते, कारण पिंप डोक्यावरून नेता येत नाही. हंगामात त्याच हौद्यात पेट्या रचल्या जातात. पाठीमागच्या फळीला कुणीतरी लोखंडी पट्टी वेल्ड केलेली असते, कारण मूळची फळी दर वर्षी तुटायची. या पट्टीमागे एक प्रश्न आहे, तो विचारणारा माणूस आहे आणि ती जोडणारा वेल्डर आहे.

शर्यतीच्या गाड्यांचंही तसंच. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली फेरी भरू लागली. तिथे उतरणाऱ्या गाडीला विंच लागतो, कारण ती चिखलात रुतणारच असते. रोल-केज लागतो, कारण ती उलटू शकते. दोन्ही ॲक्सलना लॉकर लागतात, कारण एक चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल सगळी ताकद त्याच फुकट फिरणाऱ्या चाकाला देऊन मोकळं होतं. अशा गाडीसमोर मी टोपी काढतो. ती सुंदर असेलच असं नाही, पण तिच्यावरचा प्रत्येक बोल्ट कशासाठी आहे ते सांगता येतं.

आता शनिवारी सकाळी मारुती मंदिरच्या चौकातून जाणारी गाडी घ्या. नाशिकच्या कारखान्यातून निघालेली थार. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही डांबरी, खडीच्या किंवा लाल मातीच्या रस्त्याला हे पुरून उरतं. एवढ्यावर न थांबता मालकाने दोन इंचांची लिफ्ट किट घातली, मूळच्यापेक्षा मोठे मड-टेरेन टायर चढवले, स्नॉर्केल बसवला, छतावर कॅरिअर, कॅरिअरवर एलईडीची पट्टी आणि मागे दोन जेरिकॅन. पेट्रोलपंप चार किलोमीटरवर आहे.

या सगळ्याने गाडी सुधारते हा समज मुळात खोटा आहे. टायरचा व्यास वाढला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते, पण स्पीडोमीटर जुन्याच हिशेबाने कमी वेग दाखवतो. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि ब्रेक तेच राहतात. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो. आंबा घाटाच्या वळणावर ती जास्त कलते. मड-टेरेन टायरचे मोठे ठोकळे चिखलासाठी असतात. ओल्या डांबरावर त्या ठोकळ्यांमुळे रबर रस्त्याला कमी टेकतं, आणि आमच्याकडे चार महिने डांबर ओलंच असतं. छतावरची एलईडी समोरच्या एसटी ड्रायव्हरला आंधळं करते. वाळूत तर हे टायर उलटंच काम करतात. वाळूवर चाक तरंगायला हवं, त्यासाठी हवा कमी करून टायर पसरवायचा असतो. खोल खाचांचा टायर पूर्ण हवेत वाळू उकरतो आणि खाली जातो. म्हणूनच दर मोसमात कुठल्यातरी किनाऱ्यावर लाख-दीड लाखाचं सामान चढवलेली गाडी रुतते, भरती चढू लागते, आणि गावातला ट्रॅक्टर येऊन ती ओढून काढतो. त्या ट्रॅक्टरचा फोटो मात्र कुणी काढत नाही.

ही हौस फक्त मालकाच्या खिशाला चटका देऊन थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता. ज्याचे पैसे त्याची मौज. पण स्नॉर्केल बसवला की पाण्यात उतरावंसं वाटणारच. लो-रेंजचा दांडा कधीतरी ओढून पाहावासा वाटणारच. शहरात ते जमत नाही, म्हणून गाडी निघते आणि आमच्याकडे येते. तिला मोकळी दिसते ती जागा खरं तर रिकामी नसते.

वाळू घ्या. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं आणि पुढे ते गावोगाव पसरलं. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येते, हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. आता पर्यटनाचा मोसम याच्या शेजारी ठेवून पाहा: नाताळ, एकतीस डिसेंबर, शाळांच्या सहली, होळी. तारखा जुळतात. कार्यकर्त्याला पहाटे सापडण्याआधी त्या घरट्यावरून दोन टनांची गाडी गेली तर वाळू दबते आणि आतला जीव गुदमरतो. पिल्लू वर आलंच तर चाकाच्या खोल चाकोरीत पडतं आणि समुद्राकडे जायच्या ऐवजी चाकोरीतूनच चालत राहतं. सूर्य वर आला की संपलं. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वाघाच्या गुहेवरून गाडी फिरवून कुणी त्याचा व्हिडिओ टाकला असता का?

सडा तर याहून अवघड. बाहेरच्या माणसाला तो ओसाड दिसतो. उन्हाळ्यात काळाकभिन्न कातळ, एखादं करवंदीचं जाळं. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू उगवतात आणि पाणी आटलं की बिया टाकून जातात. ती बोटभर माती टायरने एकदा खरवडली की ती परत साठायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतो. आणि त्याच कातळात कोरलेली चित्रं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ कातळशिल्पस्थळं गेली, त्यातली ही सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, पण उभ्या माणसालाही तो चटकन दिसत नाही. उन्हाचा कोन बरोबर लागतो. गाडीच्या सीटवरून तर तो दिसणारच नाही. चाकाखाली येईल, एवढंच.

रत्नागिरीत गेल्या काही वर्षांत दुर्मीळ गोष्ट हेरायचं काम खऱ्या अर्थाने कुणी केलं असेल तर ते सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सडेच्या सडे पायी तुडवले, गुराख्यांना विचारलं, आणि हजाराहून जास्त चित्रं उजेडात आणली. त्यासाठी त्यांना स्नॉर्केल लागला नाही.

यावर मिळणारी उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं: मच्छीमारही वाळूवर ट्रॅक्टर नेतातच की. नेतात. होडी ओढायला नेतात, ठरलेल्या वाटेने नेतात आणि काम संपलं की परत आणतात. तिथे प्रश्न आहे. दुसरं: आम्ही आलो म्हणून तुमची हॉटेलं चालतात. खरं आहे. पण जेवायला आलेला पाहुणा देवघरात चपला घालून फिरला तर त्याच्या ताटाचे पैसे मोजून आपण गप्प बसत नाही. तिसरं उत्तर मात्र वजनदार आहे: याच गाड्या संकटात कामाला येतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळ बुडालं तेव्हा उंच टायर आणि स्नॉर्केल लावलेल्या जीप घेऊन ऑफ-रोड क्लबांची पोरं पाण्यात उतरली आणि त्यांनी माणसं बाहेर काढली. मी ते मानतो, आणि त्यामुळे माझाच मुद्दा पक्का होतो. तिथे स्नॉर्केलला प्रश्न मिळाला, आणि चालवणाऱ्याला उत्तर येत होतं. २२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला तेव्हा बाजारपेठेत पाणी इतकं चढलं की तिथे होडीच हवी होती. कुठला प्रश्न कुठल्या साधनाचा आहे एवढं कळणं हेच कौशल्य, आणि ते ॲक्सेसरीच्या दुकानात मिळत नाही.

चौथं उत्तर कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. मग तक्रार कसली, पोलीस आहेत की! माझी अडचण अशी की कायदा बदलाकडे बघतो, प्रश्नाकडे नाही. त्याच्या काट्यावर बागायतदाराची वेल्ड केलेली पट्टी आणि छतावरची एलईडी एकाच पारड्यात पडतात. आणि नाक्यावर अडवायला बागायतदार सोपा असतो.

म्हणून मी दंडाची मागणी करत नाही. माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली हौशी लोकांकडे. तुम्हाला चढ हवा, खड्डा हवा, चिखल हवा, तर आमच्या जिल्ह्यात चिरेखाणींची कमतरता नाही. जांभा काढून संपलेल्या, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणाऱ्या, पावसात चिखलाने भरणाऱ्या खाणी गावोगाव पडून आहेत. तिथली माती आधीच गेली आहे, कासव तिथे येत नाही. मालकाशी बोला, भाडं द्या, खोल पाण्याची बाजू बंद करा, एक रुग्णवाहिका उभी ठेवा आणि हवं तेवढं रुता. गावाला पैसे मिळतील, तुमच्या विंचला काम मिळेल, आणि तुमच्यातल्या किती जणांना खरोखर गाडी चालवता येते तेही कळेल.

दुसरी मागणी माझ्या जातभाईंकडे, म्हणजे चौकात उभं राहून फोटो काढणाऱ्यांकडे. गाडी वाळूवर जाते ती समुद्र पाहायला नव्हे, समुद्र पायी जाऊनही दिसतो. ती आपल्या कॅमेऱ्यासाठी जाते. लाटांमध्ये फेस उडवणाऱ्या गाडीला आपण वाहवा देतो, म्हणून पुढच्या शनिवारी दुसरी उतरते. तेव्हा पुळणीवर किंवा सड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा फोटो काढायचा नाही, आलेला पुढे पाठवायचा नाही, ती कितीही दुर्मीळ असो. जी-६३ असली तरी नाही. आणि पुढच्या वेळी फणसोप-पावसच्या रस्त्याला पिंप लादलेली, रंग उडालेली जुनी जीप समोरून आली तर थांबून मालकाला विचारा: काका, ही पट्टी कशासाठी मारलीत? तो सांगेल. बहुधा सविस्तर सांगेल.